करंगळीचा आकडा

वाद्यदुरुस्तीचं दुकान दोघा भावंडांचं होतं. पुढे काउंटरवर भाऊ बसायचा आणि मागच्या खोलीत ताई. भाऊ गोड बोलायचा, ताई खरं बोलायची. गिऱ्हाईक पुढून हसत येतं आणि मागून तोंड पाडून जातं, असं भाऊच थट्टेने सांगायचा. ताई सहासष्टची, भाऊ तिच्याहून चार वर्षांनी लहान. दोघांची वयं झाली, पण सगळं गाव अजून त्यांना ताई आणि भाऊच म्हणत होतं.

ताईचा राग नाकावर असायचा आणि तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून उफाळायचा. लोकांना जुनं वाद्य लख्ख करून हवं असे. काळं पडलेलं म्हणजे घाण, पिवळं पडलेलं म्हणजे घाण, आणि घाण म्हटली की घास. वाद्याच्या अंगावर चांदीचा मुलामा कागदाइतकासुद्धा जाड नसतो, दर वेळी घासताना त्यातला थोडा फडक्याबरोबर जातो, हे त्यांना कोण सांगणार? ताई सांगायची. एकदा एका प्राध्यापकीणबाईंनी आजोबांची चांदीच्या मुलाम्याची बासरी भांड्यांच्या पावडरीने घासून आणली होती. कोरलेली वेलबुट्टी पार सपाट. ताईने त्यांना विचारलं, की आजोबांचा फोटोही असाच घासून ठेवलाय का. बाई परत कधी आल्या नाहीत. भाऊ आठ दिवस ताईशी बोलला नव्हता.

तर अशा या ताईच्या टेबलावर बँड हॉलच्या सचिवांनी एका सकाळी खोकं आणून ठेवलं. आत कॉर्नेट होता. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं बुटकं, गुबगुबीत भावंड. हा पंचवीस वर्षं हॉलच्या कपाटात पडून तव्यासारखा काळा झाला होता. सचिव नीटनेटके गृहस्थ, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहायची सवय. हॉलची दुरुस्ती झाली होती, आठ दिवसांनी त्याचं पुन्हा उद्घाटन होतं, आणि हॉलला मास्तरांचं नाव दिलं जाणार होतं. मास्तर म्हणजे ताई-भाऊंचे वडील, गावाच्या बँडचे बँडमास्तर. त्यांचा हा कॉर्नेट काचेच्या पेटीत दारातच मांडायचा होता.

"आरशासारखा चमकला पाहिजे," सचिव म्हणाले. "बघणाऱ्याला त्यात तोंड दिसलं पाहिजे."

ताई म्हणाली, तोंड बघायचं असेल तर आरसा टांगा, तो स्वस्तात पडेल. ती पॉलिशच्या चाकावर धरून काही घासणार नाही. हाताने, खडूच्या पुडीने, जेवढं निघायला हवं तेवढंच काढेल. कोरीवकामाच्या खाचांमधला काळेपणा तसाच राहील, कारण त्यानेच नक्षी उठून दिसते. सचिवांनी भाऊकडे पाहिलं. भाऊने हसून मान डोलावली आणि म्हणाला, होईल हो, चमकेल. ताईच्या अंगाची लाही झाली, पण बापाचं वाद्य होतं म्हणून तिने खोकं आत नेलं.

हे वाद्य तिने कधीच हाताळलं नव्हतं. लहानपणी ते हॉलच्या कपाटात कुलपात असायचं आणि त्याची निगा फक्त आत्या करायची. आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही. आई गेल्यावर तिनेच या दोघांना वाढवलं, आणि बँडची सगळी वाद्यं तीच घासायची-पुसायची. ताईला हे काम तिनेच शिकवलं होतं. काडीच्या टोकाला कापूस कसा गुंडाळायचा, अडकलेली नळी ओढायची नाही तर तेल सोडून रात्रभर वाट कशी बघायची, घाई झाली की हात मागे कसे बांधायचे, सगळं आत्याचं. आत्या डावखुरी होती. कात्री, सुई, हातोडी सगळं डाव्या हाताने. बँडवाले तिला 'डावरी' म्हणत, आणि ती त्यावर चिडत नसे.

पहिल्या दिवशी ताईने कॉर्नेट सुटा केला. तिन्ही बटणं, त्यांच्या खालचे दांडे, टोपणं, नळ्या, सगळं जुन्या टॉवेलवर ओळीने मांडलं. कोमट पाणी, थोडा साबण. पाणी चहासारखं झालं, ते ओतून परत घेतलं. दुसऱ्या दिवशी खडूची पूड पाण्यात कालवून ती कापसाने हलक्या हाताने लावू लागली. आधी कर्णा, म्हणजे पुढचं पसरट तोंड. काळं निघालं तशी चांदी वर आली, दुधासारखी पांढरी, आणि कडेला कोरलेलं वर्ष दिसलं. ते वर्ष वाचून ताईचा हात थोडा थांबला. त्याच्या आदल्या वर्षी बाबा हॉलच्या शिडीवरून पडले होते आणि त्यांचे पुढचे वरचे दोन दात गेले होते. ही गोष्ट घराबाहेर कुणाला कळू द्यायची नव्हती, म्हणून बाबांनी कवळी बसवली आणि आता आपण फक्त छडी धरणार, वाजवणं तरुणांनी करावं, असं जाहीर केलं. तोंडाने वाजवायच्या वाद्याला पुढचे दात गेले की संपलं. कवळी ओठांचा जोर झेलत नाही. मग त्यानंतर घेतलेला हा कॉर्नेट बाबांनी वाजवला कधी?

एकदा वाजवला होता, असं सगळं गाव सांगे. रेडिओवाले यंत्रं घेऊन हॉलमध्ये आले होते, आणि मास्तरांनी शेवटचं म्हणून हे वाद्य ओठांना लावलं होतं. चार मिनिटांचं ते वादन. त्याची तबकडी निघाली. पुढे नगर कार्यालयाच्या मनोऱ्यावरच्या कर्ण्यातून ते रोज संध्याकाळी सहाला लावायला लागले आणि आजही लावतात. गावातली कार्यालयं त्यावर बंद होतात, बायका त्यावर घड्याळं लावतात. मास्तर म्हणजे ती चार मिनिटं.

तिसऱ्या दिवशी ताई मधल्या भागाकडे वळली. तिथे बटणांखालची तीन नळकांडी शेजारी शेजारी उभी असतात. वाजवणारा डाव्या हाताने ती मुठीत धरतो आणि उजव्या हाताची बोटं बटणांवर चालवतो. उजव्या करंगळीला टेकायला वर एक छोटासा आकडा असतो. ज्या वाद्यावर माणूस वर्षानुवर्षं वाजवतो, त्यावर हाताची खूण उठतेच. घामाने आणि घासणीने चांदी जाते आणि खालचं पितळ उघडं पडतं. काळं असताना ते कळत नाही, कारण चांदीही काळी आणि पितळही काळपट. साफ केलं, की पांढऱ्यावर पिवळं दिसतं.

दिसलं. नळकांड्यांच्या उजव्या बाजूला तळहाताएवढा पितळेचा डाग, आणि डाव्या बाजूला चार बोटांच्या पेरांच्या चार गोल खुणा. ताईने हातमोजे काढले आणि डावा हात ठेवून पाहिला. तळवा चांदीवर आला, डागावर आली नुसती बोटांची टोकं. मग तिने उजवा हात ठेवला. तळवा पितळेवर चपखल बसला आणि चारही बोटं चारही खुणांवर. तिने घाईने आकडा पुसला. त्याच्या आतल्या बाजूची चांदी दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. त्या आकड्यात कुणाची करंगळी कधी गेलीच नव्हती.

हे वाद्य उजव्या हातात धरून डाव्या हाताने वाजवलं गेलं होतं. एखाद दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. आणि त्या घरात डाव्या हाताची एकच बाई होती, जिचा घाम इतका आंबट, की घड्याळाच्या पट्ट्याचं बक्कल वर्षात हिरवं पडायचं.

ताई स्टुलावर बसली. बाबांचा राग यायला हवा होता, तो आलाच. पण त्याच्या आधी दुसरीच एक गोष्ट आठवली. रेडिओवाले येऊन गेले त्या संध्याकाळी ती सोळा वर्षांची होती. आत्या हॉलमधून परत आली तेव्हा तिच्या ओठांवर लाल गोल वळ होता आणि ओठ सुजले होते. ताईने विचारलं, काय झालं. आत्या म्हणाली, "आज मी वाजवलं. रेडिओवर लागेल ती मी असेन." एवढं एकच वाक्य. आणि ताई हसली होती. नुसती हसून थांबली नाही, तर जेवताना तीच गोष्ट तिने गंमत म्हणून सगळ्यांना सांगितली, की आत्या बघा काय थापा मारतेय. बाबा हसले नाहीत. भाऊ ताटात बघत राहिला. आत्या अर्ध्या जेवणावरून उठली, आणि पुढची चोवीस वर्षं, मरेपर्यंत, तिने तो विषय काढला नाही. रोज सहाला ती खिडकीशी यायची, चार मिनिटं ऐकायची आणि कधीतरी म्हणायची, शेवटचा सूर जरा चढाच लागलाय. ताईला वाटायचं, मेलीला भावाच्या वाजवण्यात खोड काढायची हौस.

ताईने कॉर्नेट टॉवेलात गुंडाळून पुढे काउंटरवर नेला आणि भाऊपुढे ठेवला. तिने आकडा दाखवला आणि डाग दाखवला. भाऊ या धंद्यात चाळीस वर्षं होता. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने दुकानाचं दार लोटून घेतलं.

मग तो जे बोलला, ते ऐकून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो म्हणाला, ताई, एवढं साफ करू नकोस. आहे तसा काळसर राहू दे. तूच नेहमी म्हणतेस ना, की जुन्याचा काळेपणा जपायचा असतो, लोक उगाच घासतात. सचिवांना मी समजावतो.

म्हणजे तिचं चाळीस वर्षांचं तत्त्व, ज्याच्यावरून याने तिच्याशी आठवडे अबोला धरला, ज्याला हा गिऱ्हाइकांसमोर 'ताईचं खूळ' म्हणायचा, ते आज याला अचानक पटलं होतं. बापाची अब्रू झाकायला.

"तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

भाऊने आधी कानावर हात ठेवले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रेडिओवाले आले तेव्हा बाबांनी त्याला आत्याच्या शेजारी उभं केलं होतं, सुरांची पानं उलटायला. बारा वर्षांचा होता तो. आत्या पडद्यामागे स्टुलावर बसली होती, बाबा पुढे छडी घेऊन. रेडिओवाल्यांच्या कागदावर बाबांचं नाव आधीच छापलेलं होतं, ते बदलायला कुणी बसलं नाही. वाजवणं झाल्यावर बाबांनी त्याला शपथ घातली. बँडच्या वीसही माणसांना घातली असणार, कारण सगळे तिथेच होते, आणि तसंही रोजच्या तालमीत सूर दाखवायला आत्याच वाजवायची. बाहेर कार्यक्रमाला मात्र तिला कधी नेलं नाही, आणि ताईला तालमीच्या वेळी हॉलमध्ये कधी येऊ दिलं नाही. भाऊ म्हणाला, मी लहान होतो गं. शपथ होती.

"बारा वर्षांचा होतास तेव्हा होती शपथ. आज बासष्टचा आहेस."

भाऊ म्हणाला, आता उकरून काय मिळणार आहे. आत्याही गेली, बाबाही गेले. हॉलला नाव लागतंय ते आपल्याच घरातलं आहे ना. नाहीतर असं करू, ओळखीच्या कारखान्यात देऊन नवा मुलामा चढवून घेऊ, दोन दिवसांत काम होईल, डागही जातील आणि चमकेलही. हे तो असं म्हणाला, जणू भिंतीला पोपडे आलेत आणि चुना मारायचा आहे. ताईने कॉर्नेट उचलला. ती म्हणाली, सचिवांनी तोंड दिसेल असा चमकवायला सांगितलाय ना, मग तसाच चमकवते. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक सांगेल तसं करते. मागच्या खोलीला तिने आतून कडी लावली. पुढचे दोन दिवस कडी सकाळी लागायची ती संध्याकाळी निघायची, आणि कॉर्नेट तिच्याबरोबर पिशवीतून घरी जायचा. भाऊ दोनदा दाराशी येऊन उभा राहिला आणि परत गेला.

तिने चाक वापरलं नाही. रागात हात बेताल झाला असता, तर आत्याने वरून शिव्या घातल्या असत्या. बोटाएवढ्या कापडाने, थोडं थोडं करून तिने तो कॉर्नेट असा उजळला, की पांढरं पांढऱ्यासारखं दिसावं आणि पिवळं पिवळ्यासारखं. कुणीतरी वाद्य हातात धरून नुकतंच खाली ठेवावं, तसा तो पंजा दिसत होता.

सहाव्या दिवशी ती कॉर्नेट घेऊन स्वतः सचिवांकडे गेली. हॉलमध्ये रंगाचा वास होता आणि मास्तरांच्या नावाची पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. तिने सचिवांना बसवून सगळं सांगितलं, दातांपासून आकड्यापर्यंत. तिचं मागणं मोठं नव्हतं. हॉलचं नाव राहू दे. फक्त या पेटीवरच्या पाटीत लिहा, की हा कॉर्नेट मास्तरांच्या बहिणीने वाजवला आणि रोज सहाला गाव जे ऐकतं ते तिचं आहे.

सचिवांनी डोक्यावरून पाहत ऐकून घेतलं. मग समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, की घरच्या माणसांच्या आठवणी हळव्या असतात. आत्याबाई वाद्यं फार छान पुसायच्या, हे त्यांनीही ऐकलं होतं. पण तबकडीवर नाव मास्तरांचं, रेडिओच्या कागदावर नाव मास्तरांचं. चार डागांवरून इतिहास कसा बदलायचा? मग त्यांनी कॉर्नेट हातात घेतला, उजेडाकडे फिरवला, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"वा. ही तर मास्तरांच्या हाताची खूण," ते म्हणाले. "ताई, हे फार मोठं काम केलंत तुम्ही."

आणि तिच्या डोळ्यांदेखत खिशातलं पेन काढून त्यांनी पाटीचा मजकूर लिहिला: मास्तरांच्या अखंड साधनेने चांदी झिजून उमटलेला त्यांचा पंजा पाहा. ताई म्हणाली, अहो, तो उजवा पंजा आहे. सचिव म्हणाले, पंजा तो पंजा. त्यात डावं-उजवं काय बघायचं?

ती घरी चालत आली. रस्त्यात सहा वाजले आणि मनोऱ्यावरून ती चार मिनिटं सुरू झाली. कचेरीतून बाहेर पडणारी माणसं नेहमीसारखी पिशव्या सावरत चालली होती. ताईला वाटलं, एकेकाचं बखोट धरून विचारावं, कोण वाजवतंय हे. पन्नास वर्षं तुमच्या कानात ओतलं तिने. तुमची कुलपं लागतात तिच्या जिवावर. आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर पुसायचं फडकं. आणि ही झीज, जी तिच्या स्वतःच्या कातड्याने केली, तीसुद्धा आता बाबांच्या खात्यात. चोरी करून वर चोरलेल्याची वरात. शेवटचा सूर आला तेव्हा ताई रस्त्यातच थांबली. सूर खरंच किंचित चढा होता. ते फक्त वाजवणारीलाच कळलं होतं.

घरी आल्यावर तिने भाऊला पाटीचा मजकूर शब्दन् शब्द ऐकवला. ताई म्हणाली, तू एक शब्द बोललास तर पाटी बदलेल. तू मुलगा आहेस, तुझं ऐकतील. माझं ऐकलं नाही. भाऊ उठून आत गेला. त्या रात्री तिने त्याला जेवायला हाक मारली नाही.

उद्घाटनाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत ढोलकाका बसवले होते, जुन्या बँडमधले एकटेच उरलेले. वय नव्वदच्या पुढे, मांडीवर शाल, ऐकू थोडं कमी. पूर्वी ते मोठा ढोल वाजवायचे. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला त्यांचाही राग आला. वीस माणसं रोज तालमीला बसली, रोज तो डावा हात पाहिला, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ती शेवटच्या रांगेत भिंतीशी उभी राहिली. खिशात पांढरं फडकं होतं, कारण पेटीत ठेवण्याआधी वाद्यावरचे बोटांचे ठसे पुसायचे, हे काम तिच्याकडेच दिलं होतं. चांदीवर ठसा राहिला, की चार महिन्यांत तो काळा होऊन उमटतो.

भाषणं झाली. सचिवांनी साधनेवर बरंच ऐकवलं आणि पाटी मोठ्याने वाचून दाखवली. मग मास्तरांच्या चिरंजीवांना मंचावर बोलावलं. वर्तमानपत्राला फोटो हवा होता, की वडिलांचा कॉर्नेट मुलाच्या हातात, वडिलांच्या पंजावर मुलाचा पंजा. कल्पना अर्थातच सचिवांची. भाऊने कॉर्नेट घेतला आणि सगळे धरतात तसा डाव्या हातात धरला.

फोटोवाला वाकून बघत होता. तो म्हणाला, हात जरा सरकवा, खूण झाकली जातेय पण पंजा बसत नाहीये. भाऊने सरकवला. फोटोवाला म्हणाला, अजून नाही, तळवा त्या पिवळ्यावर येऊ द्या. भाऊने मनगट वळवलं, कोपर उचललं, वाद्य तिरकं झालं. मागे दोन-तीन जण हसले. सचिव पुढे झाले आणि त्यांनी स्वतः भाऊची बोटं धरून एकेका खुणेवर बसवायला सुरुवात केली. तीन बसायची आणि चौथं निसटायचं. आपण काय शोधतोय हे त्या माणसाला अजूनही कळत नव्हतं.

भाऊने मान वर केली आणि सगळ्या डोक्यांवरून ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही केलं नाही. तिला जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

मग भाऊने सचिवांचा हात बाजूला केला. कॉर्नेट उजव्या हातात घेतला. तळवा बसला, चारही बोटं बसली, आणि त्याची डावी बोटं आपोआप बटणांवर आली. पानं उलटणाऱ्या पोराने जे जवळून पाहिलं होतं, ते पन्नास वर्षांनी त्याच्या हाताला नीट आठवलं. करंगळीचा आकडा दुसऱ्या बाजूला मोकळाच राहिला.

पहिल्या रांगेत ढोलकाका शाल सावरत उभे राहिले.

"डावरी," ते म्हणाले. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज, हॉलभर गेला. "डावरी अशीच धरायची."

सचिव घाईने माइककडे वळले, पण भाऊ आधी पोचला. त्याला भाषण येत नव्हतं. तो म्हणाला, हा पंजा आमच्या बाबांचा नाही. आमच्या आत्याचा आहे. बाबांचे दात गेले होते. रेडिओवर तिने वाजवलं, मी पानं उलटली, आणि मी पन्नास वर्षं गप्प बसलो. मग म्हणाला, ताईने सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत, मीही ऐकलं नाही.

मग कुजबुज सुरू झाली, आणि ज्यांना ज्यांना कधीतरी संशय आला होता, असे लोक एकाएकी बरेच निघाले. ताईला त्यांचं हसू आलं नाही. ढोलकाकांच्या डोळ्यांना धार लागली होती, त्याचंही तिला कौतुक वाटलं नाही. पन्नास वर्षं तोंड शिवून बसले आणि आता रडतायत. आत्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, सुजलेल्या ओठांनी, भरल्या घरात. ते खोटं ठरलं. पितळेच्या एका डागाने सांगितलं, ते लगेच खरं. आणि त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने हसलेली मुलगी आज शेवटच्या रांगेत भिंतीशी उभी होती, तिच्यावरचा राग तर कुणावर काढायचाही नव्हता.

सहा वाजले. हॉलच्या उघड्या खिडक्यांतून मनोऱ्यावरची ती चार मिनिटं आत आली. माणसं उठायला लागली होती, ती थबकली. काही खाली बसली. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटचा सूर येऊन विरला.

मग ताई रांगांमधून पुढे मंचावर गेली. सचिवांनी पाटी उलटी करून हातात धरली होती आणि नवा मजकूर काय लिहायचा, असं ते तिला पहिल्यांदाच डोळ्यांत बघून विचारत होते. तिने सांगितलं, उद्या लिहून देते, तुम्ही एकही शब्द घालायचा नाही. भाऊने कॉर्नेट तिच्या हातात दिला. त्याला घाम फुटला होता. पांढऱ्या चांदीवर, आत्याच्या पंजाच्या कडेकडेने त्याच्या बोटांचे ओले ठसे उमटले होते.

ताईने सवयीने खिशातलं फडकं काढलं. भाऊने मान खाली घातली. तिने त्या ठशांकडे पाहिलं. मग तिने फडक्याची घडी घालून ते परत खिशात टाकलं, कॉर्नेट तसाच पेटीत ठेवला, आकडा लोकांच्या बाजूला येईल असा फिरवला, आणि काच बंद केली.

"पुसायचे नाहीत?" भाऊने विचारलं.

"राहू देत," ती म्हणाली. "काळे पडू देत."